क्वार्टर स्केल पायपर कब किटमधून कसा बांधायचा, गोव्याच्या दमट हवेसकट

फोमचं छोटं विमान दोन-चार वर्षं उडवलं की प्रत्येकाला कधी ना कधी मोठ्या विमानाची खाज सुटते, आणि मग लोक थेट पेट्रोल इंजिनवालं बाल्साचं किट मागवतात, खोका उघडतात आणि मॅन्युअलच्या पहिल्या पानापासून गोंद लावत सुटतात. तसं करू नका. मॅन्युअल लिहिणाऱ्याने ते कोरड्या हवेत बसून लिहिलेलं असतं, आणि त्यातला क्रम त्याच्या सोयीचा असतो, तुमच्या सोयीचा असेलच असं नाही. सात किलोच्या विमानात इंजिनची थरथर सतत चालू असते, आतला एखादा नट ढिला असला तर तो सुटणारच, आणि तेव्हा तो नट कव्हरिंगच्या (सांगाड्यावर ताणलेल्या फिल्मच्या) आत, टाकीच्या मागे, बोट जाणार नाही अशा जागी असतो. म्हणून मी सगळं बांधकाम एकाच हिशोबाने करतो: जिथे नंतर हात पोचणार नाही ते काम आधी संपवायचं, आणि जे एकदा बंद करणार ते लाकूड बंद करताना कोरडं पाहिजे. खालचं सगळं यातूनच येतं.

उदाहरणाला पायपर जे-३ कब या छोट्या विमानाचं क्वार्टर स्केल, म्हणजे खऱ्याच्या एक चतुर्थांश मापाचं, मॉडेल घेतलंय. खऱ्या कबचा विंगस्पॅन ३५ फूट ३ इंच आणि लांबी २२ फूट ५ इंच, म्हणजे आपलं मॉडेल साधारण २.७ मीटर रुंद आणि १.७ मीटर लांब होतं. विंग आडवी सरळ, टोकाकडे निमुळती होत नाही, त्यामुळे बहुतेक सगळ्या रिब्ज (विंगला आकार देणाऱ्या फासळ्या) एकसारख्या, फ्युझलाज म्हणजे विमानाचं धड नुसता लाकडी सांगाडा, आणि उडतं पण हळू. पहिल्या मोठ्या किटला याच्यासारखं दुसरं नाही असं माझं मत. दोष दोन आहेत, नाक आखूड आहे म्हणून विमान शेपटीकडे जड होतं, आणि नुसत्या एलेरॉनवर (विंगच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांवर) ते नीट वळत नाही, रडर म्हणजे शेपटीचं उभं सुकाणू द्यावंच लागतं. दोन्हीवर पुढे बोलू.

आधी जागा आणि महिना

टेबल सपाट नसेल तर विंग पिळलेली निघणार, मग ती रेडिओवर ट्रिम म्हणजे बारीक दुरुस्ती करूनही सरळ उडत नाही. हार्डवेअरवाल्याकडून एक फ्लश डोअर आणा, सात फुटी, दोन घोड्यांवर ठेवा, वर सॉफ्टबोर्ड टाका म्हणजे टाचण्या रुततात. दरवाजा निवडताना दुकानातच कडेला डोळा लावून बघा, आणि घरी आणल्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन दोऱ्या ताणून मध्ये त्या एकमेकांना जेमतेम टेकतात का पाहा. टेकत नसतील किंवा एक दुसरीला दाबत असेल तर दरवाजा पिळलाय, परत द्या किंवा खाली पाचर मारून सरळ करा.

दुसरं म्हणजे खोलीचं दार, जिना आणि गाडी मोजा. विंग दोन तुकड्यांत असते, एकेक सव्वा-दीड मीटर, ती मागच्या सीटवर जाते, पण पावणेदोन मीटरचं फ्युझलाज छोट्या गाडीत पुढची सीट आडवी केल्याशिवाय जात नाही. जुन्या घरातला वळणाचा जिना असेल तर खालीच बांधा, बलकांवाला (घरापुढच्या उघड्या ओसरीला) लागून असलेली खोली सगळ्यात बरी, फक्त बलकांवात नको कारण तिथे वाऱ्याबरोबर खारं येतं.

महिन्याचं म्हणाल तर माझा हिशोब साधा आहे, चवथ झाली की किट उघडायचं, आणि शिमग्याच्या आत कव्हरिंग संपवायचं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत ८०-९० टक्के ओल असते, बाल्सा ती पिऊन घेतो, फुगतो, वाकतो, जडही होतो. पावसाळ्यात काम करायचंच असेल तर शेपटी, छोटे भाग, सर्व्होच्या (रडर-एलेरॉन हलवणाऱ्या छोट्या मोटरींच्या) ट्रे वगैरे करा, पण शीटिंग (विंगवर पातळ बाल्सा चिकटवणं) आणि कव्हरिंग ठेवून द्या. लाकूड जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आडवं आणि वर वजन ठेवून ठेवायचं. भिंतीला टेकवून उभं ठेवलं की महिन्याभरात धनुष्य झालेलं असतं.

खोका उघडल्यावर

पहिल्या दिवशी गोंदाची बाटली बाहेरही काढू नका. सगळे लेझर कट तुकडे प्लॅनवर ठेवून जुळवा, नंबर पेन्सिलीने लिहा, जो कमी आहे तो आत्ताच विक्रेत्याला कळवा. मग स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि बाल्साच्या शीट्स, पट्ट्या एकेक वजन करा. सारख्या मापाच्या दोन शीट्समध्ये वजनाचा फरक दुपटीपर्यंत जाऊ शकतो. हलक्या शेपटीला, जड पुढे, आणि विंगच्या स्पारला (विंगभर जाणाऱ्या मुख्य काडीला) सगळ्यात सरळ रेषांच्या, दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या. कबमध्ये हे फार महत्त्वाचं, कारण शेपटीत वाढलेला प्रत्येक ग्रॅम नाकात तीन-चार ग्रॅम शिसं मागतो.

गोंदाबद्दल थोडं. रिब, स्पार, साध्या लाकूड-लाकूड जोडांना सुताराचा पिवळा किंवा पांढरा गोंद, पाण्याला टिकणारा मरीन प्रकारचा, तो स्वस्त, नंतर पॉलिश पेपरने घासतोही चांगला. फायरवॉल (इंजिन बसतं ती नाकातली पाटी), लँडिंग गिअरचा ठोकळा, विंगच्या मुळाशी असलेले प्लायचे भाग आणि बिजागऱ्या इथे हळू सुकणारा इपॉक्सी, पाच मिनिटांवाला नाही. पाच मिनिटांवाला मुळात लाकडात मुरायच्या आतच घट्ट होतो. सायनो म्हणजे फेविक्विकच्या जातीचे गोंद पटकन टाका मारायला चांगले, पण ते हवेतल्या ओलीनेच सुकतात म्हणून आपल्याकडे डोळ्यांदेखत पकडतात, तुकडा सरळ करायला वेळच मिळत नाही. उघडलेली बाटली हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट ठेवा. न उघडलेली फ्रिजमध्ये ठेवली तर चालते, फक्त बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग उघडा, नाहीतर आत दव जमतं आणि अख्खी बाटली जाते. खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांना झोंबते.

शेपटी

शेपटीपासून सुरू करा, चूक झाली तरी स्वस्तात सुटते आणि हात बसतो. प्लॅनवर पारदर्शक प्लास्टिक, त्यावर पट्ट्या टाचण्यांमध्ये धरून, टाचणी लाकडात न मारता दोन्ही बाजूंना तिरकी. बिजागऱ्या बसणार तिथे आत बाल्साचे ठोकळे आहेत ना ते बघा, किटमध्ये कधी कधी ते नुसते प्लॅनवर असतात आणि खोक्यात नसतात, स्वतः कापावे लागतात. सुकल्यावर कडा गोल करा, वजन करा, वहीत लिहा. एवढंच.

विंग, इथे वेळ घालवा

कबची विंग सोपी आहे म्हणून लोक ती एका शनिवारी उरकतात. खालचा स्पार प्लॅनवर टाचा, रिब्ज गुण्याने काटकोनात उभ्या करा, वरचा स्पार बसवा, इथपर्यंत कोणालाही जमतं. त्यानंतर दोन स्पारच्या मध्ये बाल्साचे चौकोनी तुकडे बसतात, त्यांना शिअर वेब म्हणतात, आणि विंगची सगळी ताकद खरं तर त्यांच्यात असते. त्यांचे लाकडाचे रेषे उभे पाहिजेत. आडव्या रेषांनी लावले तर दिसायला तंतोतंत तसेच दिसतात आणि लूप मारताना विंग मध्येच मोडते. शिवाय ते दोन्ही स्पारला पूर्ण टेकले पाहिजेत, वर केसाइतकी फट राहिली तरी तो तुकडा फुकट. एकेक तुकडा थोडा मोठा कापा, पॉलिश पेपरवर दोन-तीनदा घासून बोटाने दाबल्यावर हलकासा अडकून बसेल असा करा, मग गोंद. कंटाळवाणं काम आहे, एफएम लावून बसा.

टोकाकडे प्लॅनमध्ये वॉशआऊट दिला असेल, म्हणजे टोकाची मागची कड थोडी वर, तर तेवढ्याच जाडीच्या पट्ट्या मागच्या कडेखाली ठेवूनच पुढचं शीटिंग चिकटवा. शीटिंग चिकटल्यावर विंग बंद पेटी होते, मग तुम्ही कितीही पिळा ती ऐकत नाही. दोन्ही विंग्सना एकच पट्टी वापरा. आणि शीटिंगच्या आधी सर्व्होच्या वायरसाठी रिब्जच्या भोकांतून एक जाड दोरा ओवून दोन्ही टोकांना टेपने चिकटवून ठेवा. डावी झाल्यावर उजवी करताना प्लॅन उलटा लागतो, काही किटमध्ये उजवीचा प्लॅन दिलेलाच नसतो, तेव्हा प्लॅनला मागून थोडं खोबरेल लावलं की कागद पारदर्शक होतो आणि उलट्या बाजूने रेषा दिसतात.

आता विंग ट्यूब. दोन्ही विंग्स फ्युझलाजला अॅल्युमिनियमच्या नळीने जोडल्या जातात आणि ती नळी विंगमधल्या कागदी किंवा फायबरच्या बाहीत सरकते. ही बाही एकेका विंगमध्ये सुटी सुटी चिकटवू नका, मॅन्युअलमध्ये तसं लिहिलं असलं तरी. फ्युझलाजचा केबिनचा भाग तयार होईपर्यंत थांबा. मग नळी फ्युझलाजमधून आरपार घाला, दोन्ही विंग्स बाह्यांसकट चढवा, टोकांखाली सारख्या उंचीचे ठोकळे ठेवून प्लॅनमधला डायहेड्रल (टोकांची वरची उचल) आणा, आणि मासेमारीचा न ताणणारा विणलेला दोरा घेऊन प्रत्येक विंगच्या टोकाच्या पुढच्या कोपऱ्यापासून शेपटीच्या उभ्या खांबाच्या मध्यापर्यंत मोजा. दोन्हीकडचं अंतर दोन-तीन मिमीच्या आत सारखं आलं पाहिजे. तसंच विंगच्या मुळाशी दोन्हीकडचा कोन सारखा आहे का ते मोबाइलच्या लेव्हल अॅपने पाहा, फोन एका सरळ पट्टीवर ठेवून ती पट्टी रिबच्या खाली दोन्ही कडांना टेकवा. सगळं जमलं की बाहीला रिबपाशी सायनोचे दोन-दोन थेंब, नळी गोल फिरवून बघा अडकली नाही ना, मग विंग काढून आतून इपॉक्सी. या एका कामाला संध्याकाळ गेली तरी चालेल, कारण पुढे विमान एका बाजूला झुकत उडतं तेव्हा दहातल्या नऊ वेळा दोष इथे असतो आणि लोक रेडिओत ट्रिम शोधत बसतात.

कबचे तिरके स्ट्रट (धडापासून विंगला टेकू देणारे दांडे) बहुतेक क्वार्टर स्केल किटमध्ये खरोखर भार घेतात, शोभेचे नसतात. त्यांचे धातूचे कान जिथे विंगमध्ये बसतात तिथे प्लायचा ठोकळा स्पारलाच चिकटलेला हवा, नुसत्या रिबला नाही. बोल्टला नायलॉक नट.

फ्युझलाज आणि फायरवॉल

दोन बाजू एकमेकींवर ठेवून बांधा म्हणजे त्या सारख्या निघतात, मध्ये प्लास्टिक विसरू नका. बाजू उभ्या करून फॉर्मर्स (धडाच्या आडव्या चौकटी) बसवताना टेबलावर मधली रेषा काढा आणि प्रत्येक फॉर्मरचा मध्य ओळंब्याने त्या रेषेवर आणा. शेपटीकडे दोन बाजू जवळ आणताना एक बाजू जास्त वाकते, कारण दोन लाकडं सारखी कडक नसतात. कडक बाजूला गरम पाण्याचा बोळा फिरवा, पाच मिनिटं थांबा, मग वाकवा.

फायरवॉल हा विमानाचा सगळ्यात महत्त्वाचा जोड. बर्च प्लाय असतो, मागे चारी कडांना तिकोनी पट्ट्या, हळू सुकणारा इपॉक्सी, आणि वर बाजूने बांबूच्या काड्या आरपार ठोकून त्याही इपॉक्सीने चिकटवा. इंजिन थोडं उजवीकडे आणि खाली बघतं, तो कोन किटच्या फायरवॉलमध्येच असतो की वॉशर लावून द्यावा लागतो हे प्लॅनवर नीट वाचा. इंजिनच्या बोल्टची भोकं पाडून, टी-नट मागून ओढून, सगळं तात्पुरतं बसवून बघा आणि मग पुन्हा काढून फायरवॉलला दोन्ही बाजूंनी स्पिरिटने पातळ केलेला इपॉक्सी ब्रशने फासा. पेट्रोल प्लायमध्ये मुरलं की जोड आतून कुजतो. बोटींसाठी मिळणारा फायबरचा जाड चटईसारखा कपडा आपल्याकडे सहज मिळतो म्हणून कोणी फायरवॉलभोवती तो लावतं, होडीला ठीक आहे, विमानाला नको, तो रेझिन पिऊन दगड होतो. मजबुतीच हवी तर अगदी पातळ विणलेला कपडा, एक थर.

इंजिन २० ते ३० सीसीचं. कबला २० पुरतं, पण मी ३० लावतो, ताकदीसाठी नाही तर वजनासाठी, आखूड नाकात मेलेलं शिसं घालण्यापेक्षा जड इंजिन बरं. ३० सीसीला १८ इंची पंखा म्हणजे प्रोपेलर, पिच (एका फेरीत तो जेवढा पुढे सरकतो ते माप) ८ किंवा १० इंच. इलेक्ट्रिकवाले भांडतील, त्यांनी खुशाल इलेक्ट्रिक लावावं, मग खालचं टाकीचं प्रकरण वाचायची गरज नाही.

टाकी साधारण ३५०-४०० मिलीची. आतली नळी पेट्रोलला टिकणारी पाहिजे, ग्लो इंधनाची सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगून लिबलिबीत होते. पितळेच्या नळीच्या टोकाला सोल्डरचं छोटं कडं करा, त्यावर नळी चढवून बारीक तार आवळा. क्लंक (आतल्या नळीच्या टोकाचं वजन) टाकीच्या मागच्या भिंतीला न टेकता मोकळा हलला पाहिजे, टाकी कानाशी धरून हलवा, टुकटुक ऐकू येतं. टाकी फोममध्ये बसवा पण दाबून कोंबू नका. आणि आत्ताच, झाकण चिकटायच्या आधी, टाकी पुन्हा बाहेर काढता येते का ते करून बघा. नसेल येत तर फॉर्मर कापा, आज दहा मिनिटं लागतील.

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं आणि कार्ब्युरेटरचा पडदा, रबर कडक करतं. तेल इंजिनवाल्याच्या सांगण्याप्रमाणे, ३०:१ असेल तर लिटरला साधारण ३३ मिली. मिश्रण थोडं थोडं करा, महिनाभर जुनं वापरू नका आणि प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीत तर ठेवूच नका.

इग्निशन बॉक्स आणि त्याची बॅटरी पुढे फायरवॉलजवळ, रिसीव्हर मागे केबिनमध्ये, दोघांत जमेल तेवढं अंतर, निदान वीतभर तरी. थ्रॉटलची काडी नायलॉनची, धातूची नको, ती स्पार्कचा विद्युत गोंधळ थेट रेडिओपर्यंत घेऊन जाते. इग्निशन ट्रान्समीटरवरून बंद करता येईल असा किल स्विच लावा, हा खर्च वाचवू नका.

सर्व्हो, काड्या, वायरी

एलेरॉनला सात-आठ किलो टॉर्कचे, एलिव्हेटरच्या (शेपटीच्या आडव्या हलत्या पट्टीच्या) दोन अर्ध्यांना वेगवेगळे दोन आणि रडरला एक, हे दहा किलोच्या वरचे, सगळे धातूच्या गिअरचे. सर्व्होचा आर्म आखूड आणि सरफेसचा (हलत्या भागाचा) हॉर्न लांब ठेवा, ताकद मेकॅनिकली मिळते, आणि रेडिओत एंडपॉइंट पन्नास टक्क्यांवर आणून बसू नका, तसं केलं तर सर्व्होची अर्धी ताकद आणि अचूकपणा दोन्ही जातात. आर्म आणि काडी न्यूट्रलला काटकोनात. स्क्रू एकदा फिरवून काढा, भोकात पातळ सायनोचा थेंब, सुकू द्या, मग पुन्हा स्क्रू, म्हणजे मऊ प्लायमध्येही धरून राहतो. धातूत धातू जिथे जिथे आहे तिथे निळा थ्रेडलॉक. बॉल लिंकला बाहेरच्या बाजूनेही वॉशर लावा, बॉल निघाला तरी काडी सुटत नाही.

रडरला पुल-पुल (दोन्ही बाजूंनी ओढणारी) वायर चांगली, वजन वाचतं शेपटीत. मॉडेलच्या दुकानातली मिळत नसेल तर गळाला लावतात ती प्लास्टिक चढवलेली स्टीलची लीडर वायर म्हापशाला, पणजीला मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळते, जाडी आणि ताण पाहून घ्या, क्रिंप तिथेच मिळतात. आपल्या हवेत उघडी स्टील वायर गंजते, म्हणून प्लास्टिकवालीच. साध्या लोखंडी नट-बोल्टांऐवजी स्टेनलेस घ्या, फक्त इंजिनच्या बोल्टना कंपनीने दिलेलेच ठेवा.

रिसीव्हरला दोन बॅटऱ्या, दोन स्विच, मी ६.६ व्होल्टच्या लिफे वापरतो कारण रेग्युलेटर लागत नाही. लांब एक्स्टेंशन जाड वायरीची, प्रत्येक जोड क्लिपने किंवा दोऱ्याने बांधलेला. कनेक्टरच्या पिना खाऱ्या हवेत हिरव्या पडतात, वर्षातून एकदा काढून बघाच.

इथे थांबा आणि सगळं उघडं विमान, कव्हरिंगशिवाय, पूर्ण जोडा. विंग, स्ट्रट, शेपटी, इंजिन, चाकं, बॅटऱ्या. रेडिओ लावून प्रत्येक सरफेस हलवा. सीजी (विमान तोलून राहतं तो बिंदू) ढोबळ बघा. एक हात आत घालून प्रत्येक नटाला बोट लावून या. जिथे बोट पोचत नाही तिथे आत्ता झाकण किंवा खिडकी करा.

कव्हरिंग

आदल्या रात्री सांगाडा एसीच्या खोलीत दार बंद करून ठेवा आणि सकाळी तिथेच काम करा. ओल्या लाकडावर फिल्म ताणली की लाकूड पुढे सुकतं, आकसतं आणि फिल्म लोंबते, मग दर उन्हाळ्यात इस्त्री. घासून झाल्यावर धूळ व्हॅक्युमने काढा, हाताने झटकली तर ती रेषांत बसते. आधी खालची बाजू, मग वरची, म्हणजे सांधा खाली राहतो. कडा कमी उष्णतेवर चिकटवा, ताण नंतर जास्त उष्णतेने, दोन्ही तापमानं फिल्मच्या पुडीवर असतात आणि इस्त्रीचा आकडा खोटा बोलतो म्हणून आधी भंगार तुकड्यावर करून बघा. ताण देताना वर-खाली आलटूनपालटून, एकाच बाजूला सगळी उष्णता दिली तर शेपटीसारखा पातळ भाग केळ्यासारखा वाकतो. रंग अर्थात पिवळा, आपल्याकडच्या हिरव्या डोंगरावर आणि निळ्या आकाशावर दोन्हीकडे दिसतो.

बिजागऱ्या कव्हरिंगनंतर. पिन बिजागरीच्या सांध्यावर इपॉक्सी जाऊ नये म्हणून तिथे व्हॅसलिनचा ठिपका लावा, भोकात आणि पिनवर दोन्हीकडे इपॉक्सी, बसवल्यावर लगेच सरफेस पूर्ण वर-खाली हलवा. सुकल्यावर प्रत्येक बिजागरी ओढून बघा, ओढूनच, मायेने नाही. फटींवर खालून पारदर्शक टेप, फ्लटर म्हणजे सरफेसची फडफड टळते.

सीजी आणि थ्रो

कबची कॉर्ड ४० सेंटीमीटर, सीजी २५ ते ३० टक्क्यांत, म्हणजे पुढच्या कडेपासून १० ते १२ सेंटीमीटर मागे. पहिल्या उड्डाणाला १० कडे राहा. टाकी रिकामी ठेवून मोजा, कारण ती सीजीच्या पुढे आहे, पेट्रोल संपत जातं तसं विमान मागे जड होतं. आधी बॅटऱ्या पुढे सरकवा, इग्निशनची बॅटरी काउलिंगच्या (इंजिनवरच्या टोपणाच्या) मागे, आणि मगच शिसं. जाळ्याला लावतात ते शिशाचे मणी मच्छीमारांच्या दुकानात किलोने मिळतात, ते इपॉक्सीत बुडवून फायरवॉलवर बोल्टने आवळा, नुसतं चिकटवू नका. आडवा तोलही बघा, पंख्याचा स्पिनर आणि शेपटी धरून उचला, जी विंग खाली जाते तिच्या विरुद्ध टोकाला खिळा.

एलेरॉनचा थ्रो म्हणजे हालचाल वर जास्त, खाली कमी, साधारण दुप्पट फरक, नाहीतर डावीकडे वळायला दिलं की नाक उजवीकडे जातं. कबचा हाच जुना आजार. रडर रेडिओत एलेरॉनशी मिक्स करण्यापेक्षा अंगठ्याला सवय लावा असं मी म्हणेन. फेलसेफ (सिग्नल तुटला की विमानाने काय करायचं ती सोय) थ्रॉटल बंदला सेट करून ट्रान्समीटर बंद करून प्रत्यक्ष बघा, अर्थात पंखा काढून.

इंजिन आणि मैदान

पहिला रन घराच्या पोरसात, शेपटी दोरीने नारळाच्या झाडाला बांधून, दोन माणसं, लुंगी नाही, गळ्यात काही लोंबतं नाही, पंख्याच्या रेषेत कोणी उभं नाही. कार्ब्युरेटरच्या सुया (मिश्रण जुळवणारे स्क्रू) पंख्याच्या मागे उभं राहून फिरवा. एक टाकी चालवल्यावर प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळा, नक्की एखादा फिरेल. इंजिन चालू ठेवून रेंज चेक करा, बंद इंजिनावर सगळ्यांचंच रेंज चांगलं येतं.

मैदान शोधताना आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा उघडा. ड्रोन रूल्स २०२१ मध्ये २५ किलोपर्यंतचं, हौसेसाठी किंवा शिकण्यासाठी, डोळ्यांच्या टप्प्यात उडवलेलं विमान मॉडेल म्हणून वेगळं धरलंय, पण आकाशाचे झोन त्यालाही आहेत. गोवा एवढासा, दक्षिणेकडे दाबोळी म्हणजे नौदलाचा हंसा तळ, उत्तरेला जानेवारी २०२३ पासून मोपा, दोघांची वर्तुळं काढली की बरंच काही जातं. ग्रीन झोनमध्ये ४०० फूट, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूटच. यलो, रेडमध्ये परवानगीशिवाय नाही. जागा बहुतेकदा कोमुनिदादची (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची) किंवा कोणाच्या तरी मालकीची असते, आधी विचारा. कापणीनंतरची शेतं मऊ आणि छान, वायंगण म्हणजे हिवाळी-उन्हाळी भात लावलेलं नसलं तर. सड्यावर जागा मोठी मिळते पण जांभ्याचे खडे पंखा खातात, तिथे पाच-सहा इंची फुग्याची चाकं आणि निदान धावपट्टीपुरतं झाडून घेणं.

सकाळी आठच्या सुमाराला उडवा. दुपारकडे समुद्रावरून वारा येतो, आणि कब हलका, मोठ्या विंगचा, उतरताना आडव्या वाऱ्यात तो तरंगतच राहतो. टेकऑफला थ्रॉटल हळूहळू, रडरने सरळ, शेपटी आपोआप उचलू द्या. पहिलं उड्डाण पाच मिनिटं, ट्रिम, वर उंचीवर एकदा स्टॉल (वेग पडून विंगची उचल जाणं) करून बघणं, उतरणं. उतरल्यावर काउलिंग काढून मफलरचे बोल्ट, स्ट्रटचे नट, बिजागऱ्या.

मे अखेर टाकी रिकामी करा, इंजिन चालवून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपवा, स्पार्क प्लग काढून आत दोन थेंब तेल, बॅटऱ्या बाहेर काढा आणि विंग आडवी न ठेवता, टोकावरही न टेकवता, दोन पट्ट्यांवर टांगून एसीच्या किंवा निदान वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवा.